सोलापूर परिसरात सायकल चालवायला कुठलं मॅप ॲप, आणि जीपीएस कॉम्प्युटर घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विजापूर रोडला राहणाऱ्या एकांनी हायब्रिड सायकल घेतलीय, रविवारी तुळजापूर, अक्कलकोट, हत्तरसंग कुडल असं फिरायचंय, हायवेवर ट्रकच्या शेजारून चालवायचं जीवावर येतं, पण मोबाइलवर मॅप लावला की तो एकतर हायवेलाच चिकटवतो नाहीतर शेतातल्या गाडीवाटेत नेऊन सोडतो. तर कुठलं ॲप वापरू, पैसे भरायचे का, आणि पंधरा-वीस हजारांचा, हँडलवर लावायचा सायकल कॉम्प्युटर घेतला की हा त्रास संपेल का?

कॉम्प्युटरने नाही संपणार, हे आधीच सांगतो, कारण पैसे त्यात जायच्या आधी हे कळलेलं बरं. कॉम्प्युटर चांगली वस्तू आहे, मी स्वतः वापरतो, पण तुम्ही त्यात जी लाइन घालाल त्या लाइनवर तो नेणार, लाइनच गाडीवाटेतून गेली असेल तर तोही गाडीवाटेतूनच नेणार. रूट आखणं हे एक काम आणि आखलेल्या रूटवर राहणं हे दुसरं काम, दोन्हीला साधनं वेगळी लागतात आणि बहुतेक लोक दोन्ही कामं एकाच ॲपवर टाकतात, तिथेच सगळा घोळ होतो. माझी पद्धत अशी की रूट आदल्या रात्री घरी, लॅपटॉपच्या मोठ्या स्क्रीनवर, डोळ्यांनी बघून आखायचा, त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे रूटची लाइन साठवलेली फाइल, करायची, आणि सकाळी रस्त्यावर फक्त त्या लाइनवर राहायचं. रस्त्यात कुठल्याही ॲपला नवीन रस्ता शोधू द्यायचा नाही. खाली जे लिहितोय ते सगळं याच्यासाठीच.

आधी गूगल मॅप्स, कारण तो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेच. त्यातला टू-व्हीलर मोड आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरात आला, पण तो मोटरसायकलसाठी आहे, त्याचा हिशोब वेळेचा असतो, आणि वेळ वाचतो तो चौपदरी हायवेवर. म्हणजे तो चुकत नाहीये, तुम्ही त्याला जे विचारताय त्याचं तो बरोबर उत्तर देतोय, फक्त तुमचा प्रश्न वेगळा आहे. शिवाय ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी चालण्याचे आणि सायकलचे रस्ते त्यात ऑफलाइन मिळत नाहीत. आणि ग्रुपवर जी लिंक टाकतात ना "उद्याचा रूट" म्हणून, ती लिंक म्हणजे पक्का रूट नव्हे, त्यात ठिकाणं असतात आणि ज्याच्या फोनवर ती उघडेल तिथे तो त्या वेळच्या ट्रॅफिकनुसार परत हिशोब करू शकतो, त्यामुळे एकाच लिंकवरून दोघं दोन रस्त्यांनी जातात आणि एकमेकांना फोन करत बसतात. जीपीएक्स फाइलमध्ये असं होत नाही, त्यात बिंदूंची रांग असते आणि ती सगळ्यांकडे तीच राहते. गूगल मी वापरतो ते जागा शोधायला, हॉटेल उघडं आहे का बघायला, लोकांनी टाकलेले फोटो बघायला आणि मुख्य म्हणजे सॅटेलाइट चित्रासाठी, त्या कामाला त्याला तोड नाही.

जागा शोधताना एक सावधगिरी. सर्चमध्ये नुसतं "कुडलसंगम" टाकलं तर मॅप तुम्हाला कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात नेईल, बसवेश्वरांच्या कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर. आपलं हत्तरसंग कुडल दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख जिथे आहे ते. दोन्ही संगम, दोन्ही कुडल, आणि मधे शंभराच्या वर किलोमीटर. हिप्परगा टाकलं तरी तसंच, तुळजापूर रोडचं तळे हिप्परगा वेगळं आणि लोहाऱ्याकडचं हिप्परगा रवा वेगळं. म्हणून शेवटचा बिंदू नावावरून घ्यायचा नाही, नकाशावर नदी, देऊळ, तलाव बघून बोटाने घ्यायचा.

आता आखायला काय वापरायचं. कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्राव्हाचा रूट बिल्डर, ब्राउटर ही सगळी नावं तुम्ही ऐकली असतील. यातल्या बहुतेकांच्या खाली नकाशा एकच आहे, ओपनस्ट्रीटमॅप, जो २००४ पासून जगभरातली साधी माणसं मिळून काढतायत. म्हणजे ॲप बदललं तरी रस्त्यांची माहिती तीच राहते, फरक पडतो तो त्या माहितीवरून रस्ता कसा निवडायचा याच्या हिशोबात, आणि पैसे कशाचे घेतात त्यात. स्ट्राव्हाचा रूट बिल्डर वर्गणी भरल्याशिवाय नीट वापरता येत नाही, राइड विथ जीपीएसमध्ये बोलून वळणं सांगणं आणि ऑफलाइन नकाशे पैसे भरून मिळतात. मी सुरुवात करणाऱ्याला ब्राउटर सांगतो. ते वेबसाइटवर चालतं, लॉगिन नाही, पैसे नाहीत, दिसायला साधं आहे पण काम पक्कं, आणि त्यात एक सोय आहे जी इथल्या रस्त्यांसाठी मला फार मोलाची वाटते: आखलेल्या रूटचा प्रत्येक तुकडा नकाशात कसा नोंदलाय, म्हणजे हायवे आहे की गावरस्ता आहे आणि त्याचा सरफेस, म्हणजे डांबर की माती, काय लिहिलाय, हे तक्त्यात दिसतं.

हे का महत्त्वाचं ते सांगतो, कारण गाडीवाटेचं कोडं इथेच सुटतं. आपल्या भागातले खूपसे रस्ते कुणीतरी लांब बसून सॅटेलाइट चित्रावरून काढलेत. वरून रेष दिसली, त्याने ती "अनक्लासिफाइड" म्हणून काढली, म्हणजे लहानसा पण वाहता रस्ता, आणि सरफेसचा रकाना रिकामा सोडला. राउटर, म्हणजे ॲपमधला रस्ता निवडणारा भाग, ते वाचतो, त्याला वाटतं साधा डांबरी गावरस्ता आहे, हायवेपेक्षा सायकलला चांगला, आणि तुम्हाला तिकडे वळवतो. प्रत्यक्षात ती दोन चाकोऱ्यांची वाट असते, पुढे एका विहिरीपाशी किंवा वस्तीवर संपते, नाहीतर मालकाने वेड्या बाभळीचे काटे टाकून बंद केलेली असते, आणि काट्यांचं सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून नियम असा की तक्त्यात ज्या तुकड्याला सरफेस लिहिलेला नाही तो तुकडा सॅटेलाइटवर डोळ्यांनी बघितल्याशिवाय फाइलमध्ये जाऊ द्यायचा नाही. चाळीस किलोमीटरच्या रूटला याला फार वेळ लागत नाही.

सॅटेलाइटवर डांबरी रस्ता ओळखायचा कसा, कारण आपली जमीन काळी, डांबर पण काळं, नुसत्या रंगावर गेलात तर फसाल. बघायचं ते रुंदीकडे. डांबरी रस्त्याची रुंदी सारखी राहते, हायवेला मिळतो तिथे त्याचं तोंड दोन्ही बाजूला पसरलेलं असतं, वळणं मोठी आणि गोल असतात, दोन्ही कडेला झाडांची रांग असते. गाडीवाट बांधाबांधाने जाते, प्रत्येक शेताच्या कोपऱ्यावर काटकोनात वळते, मधे गवताची पट्टी दिसते, कुठे रुंद कुठे एकदम बारीक. मुरमाचा रस्ता पांढरट-तांबूस दिसतो, तो कोरड्या दिवसांत हायब्रिडला चालतो, रोडबाइकच्या बारीक टायरला नाही. चित्र पावसाळ्यातलं असेल तर हिरव्यात काहीच कळत नाही, अशा वेळी लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा, त्यात जुनी चित्रं बघायची सोय आहे, मार्च ते मे मधलं एखादं चित्र निवडा, शेतं मोकळी असतात आणि रस्ता उघडा पडतो.

स्ट्राव्हाचा हीटमॅप, म्हणजे लोक जास्त जातात ते रस्ते उजळ दाखवणारा नकाशा, पण बघावा, सायकलचा फिल्टर लावून. पण पुण्यातले लोक तो जसा वापरतात तसा आपल्याला वापरता येणार नाही. आपल्याकडे हायवे उजळ दिसतात कारण बरेच जण हायवेनेच जातात, आणि ज्या रस्त्याने एक-दोघंच गेलेत तो त्यात येतच नाही. त्यामुळे रेष दिसली तर चांगली खूण आहे, नाही दिसली म्हणून रस्ता वाईट असं धरू नका.

चौपदरी रस्त्यांवर आणखी एक अडचण येते. पुणे-हैदराबाद हायवे, तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड, सगळीकडे मधे डिव्हायडर आहे आणि नकाशात दोन बाजू दोन वेगळ्या रेषा म्हणून असतात. रूट आखताना तुमचा क्लिक समोरच्या बाजूच्या रेषेवर पडला की राउटर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून परत त्या बिंदूला येतो आणि परत पुढे जातो, एकूण अंतर मधेच चार-पाच किलोमीटर वाढतं आणि सकाळी कॉम्प्युटर "यू-टर्न घ्या" म्हणून ओरडत राहतो. मोठं झूम करून आपल्या डाव्या बाजूच्या रेषेवर बिंदू ठेवा आणि एकूण अंतर अचानक वाढलं तर आधी हेच तपासा.

नद्यांचं प्रकरण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठं. भीमा आणि सीना ओलांडायला हायवेचे पूल आहेतच, पण मधे मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि त्यातल्या कित्येकांवरून सायकल, मोटरसायकल जाते. बंधाऱ्यामुळे कधी कधी वीस किलोमीटरचा वळसा वाचतो आणि रस्ताही सुंदर, दोन्ही बाजूला पाणी, हायवेचा आवाज नाही. पण नकाशात बंधारा कसा नोंदलाय याचा भरवसा नाही. कुठे नुसती नदीतली भिंत म्हणून काढलाय, मग कुठलंच ॲप तुम्हाला तिथून नेणार नाही, रूटचा तेवढा तुकडा हाताने सरळ रेषेत ओढावा लागतो. कुठे पक्का रस्ता म्हणून काढलाय, मग ॲप बारा महिने तिथूनच पाठवणार, नदीला पाणी असो नसो. म्हणून माझ्याकडे अशा प्रत्येक रूटच्या दोन फाइली असतात, नावातच "कोरडा" आणि "पावसाळी" लिहिलेल्या, पावसाळीत फक्त मोठे पूल. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो महापूर आला तेव्हा तर हायवेसुद्धा बंद करावे लागले होते, तशा दिवसांत कुठलीच फाइल उघडायची नाही.

आणि हे सगळं करूनही एखादा तुकडा संशयाचा राहतोच, तिथे माणसाला विचारायचं. पण विचारायची पण पद्धत आहे. "सायकल जाईल का" म्हणून विचारलं तर शंभर टक्के "जातंय की" असं उत्तर येतं, कारण त्यांची सायकल खरंच कुठूनही जाते. विचारायचं असं की "एसटी जाते का इकडनं?" एसटी जाते म्हणजे डांबर आहे, ओढ्यावर मोरी आहे आणि रस्ता पुढच्या गावाला नक्की निघतो. कडेचे किलोमीटरचे दगड पण बघायची सवय लावा, पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. सायकलसाठी मला नारिंगी दगड दिसला की बरं वाटतं, वाहतूक कमी आणि निदान एकदा तरी डांबर पडलेलं.

कॅनॉलच्या कडेचे रस्ते नकाशात फार मोहक दिसतात, सरळ, सपाट, सावली. जायला हरकत नाही पण दिवसा, सोबतीने, आणि टायरमध्ये सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, असेल तर.

आता रस्त्यावरचं काम, म्हणजे लाइनवर राहणं. सुरुवातीला फोन पुरतो. अँड्रॉइडला ओस्मअँड घ्या, फुकट आवृत्तीत सात नकाशे उतरवता येतात, महाराष्ट्र उतरवा आणि कर्नाटक पण उतरवा, कारण भीमा ओलांडली की कधी आपण कर्नाटकात शिरतो ते कळत नाही आणि तिथे नकाशा कोरा दिसायला लागतो. जीपीएक्स फाइल त्यात टाकून "ट्रॅक फॉलो" करायचं आणि सेटिंगमध्ये जाऊन रूट सोडला की नवीन रूट काढायचं ते बंद करून टाकायचं. हे एवढं एक केलं तरी तुमचा अर्धा त्रास जाईल. कारण होतं काय, तुम्ही चहाला म्हणून शंभर फूट आत गेलात की ॲप स्वतःच्या मनाने नवीन रस्ता काढतं आणि तुम्ही रात्री तपासलेली लाइन जाऊन त्याची न तपासलेली लाइन स्क्रीनवर येते, आणि तुम्हाला कळत पण नाही. बंद असेल तर तुम्ही लाइनवर परत येईपर्यंत ते गप्प थांबतं. ओस्मअँड किचकट वाटलं तर ऑर्गॅनिक मॅप्स, त्यात फाइल टाकली की नकाशावर रेष दिसते, तो निळा ठिपका रेषेवर ठेवायचा, बस. सिग्नलची काळजी करू नका, जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा उतरवलेला असला की डेटा बंद ठेवून पण चालतं आणि बॅटरी वाचते.

फोन हँडलवर लावायचा का? थंडीत हो, मार्चनंतर नाही. ॲपलने आयफोनसाठी वापरायचं तापमान शून्य ते ३५ अंश दिलंय, बाकी फोन पण साधारण तसेच, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यात फोन थेट उन्हात, ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस चालू. फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग घेत नाही आणि शेवटी बंद पडतो, नेमका जेव्हा लागणार असतो तेव्हा. उन्हाळ्यात फोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा, स्क्रीन बंद, वळणाच्या सूचना आवाजावर. कानात दोन्ही बाजूला इयरफोन घालू नका, मागून येणारी उसाची डबल ट्रॉली ऐकू यायलाच पाहिजे. आणि मुरमाच्या रस्त्यावर फोन हँडलवर असला की कॅमेऱ्याला हादरे बसतात, ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलच्या बाबतीत तशी सूचना दिली होती. सायकलला इंजिन नाही पण खडबडीत रस्ता आहे, महागडा फोन असेल तर जपा.

आता तुमचा पंधरा-वीस हजारांचा प्रश्न. सायकल कॉम्प्युटर घ्यायचं खरं कारण मला विचाराल तर त्याची स्क्रीन. बऱ्याच कॉम्प्युटरची स्क्रीन अशी असते की ऊन जितकं कडक तितकी ती स्पष्ट दिसते, आतून उजेड लागत नाही, म्हणून बॅटरी दिवसभर पुरते आणि तो तापत नाही. सोलापूरच्या उन्हात हे फार मोठं सुख आहे. घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर फुटपाथवर उन्हात नेऊन बघा. दुसरं, घामेजल्या बोटांनी आणि पावसात टचस्क्रीन नीट चालत नाही, बटणवालं घ्या.

प्रकार दोन आहेत. एकात नकाशा नसतो, कोऱ्या स्क्रीनवर तुमची लाइन आणि तुमचा बाण, लाइन सोडली की बीप करतं. दुसऱ्यात पूर्ण नकाशा असतो आणि तो स्वतः रस्ता पण शोधू शकतो. गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट, यातल्या बऱ्याच कंपन्यांची दोन्ही प्रकारची मॉडेल्स मिळतात. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या भागासाठी पहिला प्रकार पुरतो. आपल्याकडे दोन गावांच्या मधे फाटे मोजके असतात, माळरान मोकळं असतं, लाइन सोडल्याचं लगेच कळतं. अडचण येते ती फक्त गावठाणात, बोळांमध्ये, आणि तिथे फोन काढून मिनिटभर बघितलं की झालं. नकाशावाल्या महाग मॉडेलमध्ये जो "स्वतः रस्ता शोधतो" भाग आहे तो पण बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर चालतो, म्हणजे गाडीवाटेचं कोडं तिथेही तसंच. मल्टिबँड जीपीएसचे, म्हणजे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणाऱ्याचे, जादा पैसे तर अजिबात देऊ नका, त्याचा फायदा उंच इमारतींच्या गल्ल्यांत नाहीतर खोल दरीत होतो, आपल्याकडे आभाळ चारी बाजूंनी उघडं आहे. आणि ज्या गावी आपण जातो आणि त्याच रस्त्याने परत येतो, अक्कलकोटसारखं, त्या रूटच्या जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन वेगळ्या फाइली करा, एकाच फाइलमध्ये लाइनवर लाइन आली की स्वस्त कॉम्प्युटर गोंधळतात आणि जाताना येण्याची वळणं सांगतात.

चढाचे आकडे फार मनावर घेऊ नका. सपाट भागात वेगवेगळ्या साइट एकाच रूटचा एकूण चढ वेगवेगळा दाखवतात, उंचीची माहिती ढोबळ असते. आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बघा. तुळजापूरला साधारण दोनशे मीटर वर जायचंय आणि त्यातला कसाचा भाग शेवटच्या घाटात आहे, एवढं कळलं की पुरे. आपल्याकडे चढापेक्षा वारा जास्त दमवतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा आधी मोहोळच्या बाजूला वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि पाय दमल्यावर वारा पाठीला घेऊन परतायचं. रात्री रूट आखताना विंडी हे हवामानाचं ॲप उघडून वाऱ्याची दिशा बघायची आणि गोल रूट कुठल्या बाजूने फिरायचा ते त्यावर ठरवायचं, बोरामणी-नळदुर्गकडे वाऱ्यासोबत मजेत गेलेला माणूस परत येताना फार हाल काढतो.

काही गोष्टी कुठल्याच ॲपमध्ये वेळेवर येतील असं नाही, त्या तुम्हालाच माहीत पाहिजेत. कोजागरीला तुळजापूर रोड चालत जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते, आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत गावातले रस्ते. गाळप हंगामात कारखान्यांकडे जाणारे रस्ते दिवस उजाडायच्या आधी टाळाच, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. अशा रस्त्यांवर ब्राउटरमध्ये "नो-गो"चा गोल टाकता येतो, मग तो रूट त्या भागातून नेतच नाही.

पुढे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब अंतराची राइड, करायचा विचार असेल, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, तर कागदावरची क्यू शीट आत्तापासून बनवायला शिका. किलोमीटर, फाट्याचं नाव, डावं का उजवं, आणि एक खूण, पेट्रोल पंप, देऊळ, पाण्याची टाकी. चार ओळीत एक वळण, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही गेले तरी हा कागद घरी आणतो.

तर तुमच्यासाठी आत्ता एवढंच करा. ब्राउटर आणि ओस्मअँड, दोन्ही फुकट. पहिला रूट नान्नजचा घ्या, बार्शी रोडने अंतर कमी आहे आणि चुकलात तरी लगेच मुख्य रस्त्याला लागता येतं, तिथे आजूबाजूच्या गावरस्त्यांवर सॅटेलाइटवरून केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष रस्ता जुळतो का ते पडताळून बघा, मग हत्तरसंग कुडल. होळीपर्यंत असं फोनवर चालवा. तोपर्यंत महिन्यातून दोन-तीनदा नवीन रूटवर निघत असाल तर ऊन वाढायच्या आधी बिननकाशाचा, बटणवाला कॉम्प्युटर घ्या, आणि ठरलेल्या दोन-तीन रस्त्यांवरच जात असाल तर त्या पैशात चांगले टायर घ्या.